अळणी

मित्रमंडळीत मी मटणासाठी (कु)प्रसिद्ध आहे. फॉर्म्युला सोपा. कुकरच्या पाच शिट्ट्या, भरपूर कांदा-लसूण मसाला, चार पळ्या तेल. वर तर्री दिसली की पोरं खूष. तेवढ्या तिखटात मटणाऐवजी बटाटे असते तरी कुणाला कळलं नसतं, ही गोष्ट वेगळी :)

मग गेल्या महिन्यात अण्णा माझ्याकडे पुण्याला आले. अँजिओप्लास्टी झाली होती, पुढच्या तपासण्या इथेच होत्या. अण्णा अस्सल सातारी माणूस. रविवारी स्वतः पिशवी घेऊन दुकानात जाणार आणि खाटकाशी दहा मिनिटं हुज्जत घालून पुढच्या पायाचं मटण आणणार. आता ताटात दुधी आणि मुगाचं वरण. निमूट जेवायचे, ताट उचलून ठेवायचे. "आज काय करू?" विचारलं की म्हणायचे, "काहीही कर." या 'काहीही'ची मला रिपोर्टपेक्षा जास्त भीती वाटायला लागली.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, कधीतरी दोन-तीन फोडी चालतील, पण चरबी काढून, तेल-मीठ कमी.

आईला फोन लावला.

"अरे, मग अळणी कर की! तापातून उठलास की तुला देत होते ते."

अळणी म्हणजे खरं तर बिनमिठाचं. पण आमच्याकडे तिखट-मसाला पडायच्या आधीचं जे मटण आणि त्याचं पाणी, ते अळणी. त्यात थोडं मीठ असतंच. कोल्हापूरचा तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से याच पाण्यावर उभे असतात.

तर कृती अशी. अर्धा किलो मटण, शक्यतो खांद्याचं, हाडासकट. त्याला ८-१० लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि मूठभर कोथिंबीर वाटून लावायची, पाव चमचा हळद, जरासं मीठ. अर्धा तास ठेवायचं. पातेल्यात चमचाभर तेलावर एक कांदा परतायचा, मटण घालून पाणी सुटेपर्यंत हलवायचं. मग झाकणावर पाणी ठेवून मंद आच. ते तापलेलं पाणीच हळूहळू आत घालायचं. सगळं मिळून दीड तास तरी. बस्स, संपलं. गरम मसाला नाही, खोबरं नाही.

यामागचं लॉजिक असं, की सांध्याजवळच्या मांसात कोलॅजन जास्त असतं. ओलसर, मंद उष्णतेत त्याचं हळूहळू जिलेटिन होतं. मांस मऊ पडतं आणि रश्श्याला अंग येतं. कुकरमध्ये हेच लवकर होतं, पण मध्येच झाकण काढून चव बघता येत नाही.

शनिवारी रात्री शिजवलं आणि गार करून फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी वर चरबीचा पांढरा थर जमलेला. तो चमच्याने उचलून टाकला. खाली रस्सा चक्क थलथलीत. म्हणजे जिलेटिन झालं, टेस्ट केस पास!

दुपारी गरम करून वाटीत दिलं, सोबत ज्वारीची भाकरी. मी आधी चाखून बघितलं होतं. इतकी वर्षं मटण करतोय, पण मटणाची चव अशी असते हे मला त्या दिवशी कळलं.

अण्णांनी एक घोट घेतला. थांबले.

"मीठ कमी आहे."

"मुद्दाम कमी घातलंय, अण्णा."

काही बोलले नाहीत. वाटी संपवली आणि पुढे सरकवली. मी अर्धी भरून दिली.

"नळी कुठंय?"

"नव्हती आज."

"खोटं बोलतोस," म्हणाले आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले. (नळी मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आधीच संपवली होती.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुधी. पहिल्याच घासाला अण्णा म्हणाले, "याच्यात लसूण का नाही घातलास?"

तक्रार सुरू झाली, म्हणजे गाडी रुळावर आली. आता मी रोज लसूण घालतो.