हलके आणि टिकाऊ

खारा वारा काय काय खातो, ते वडखळच्या माणसाला विचारावे. धरमतरच्या खाडीवरून येणारा हा पाहुणा खिळे खातो, बिजागऱ्या खातो, गजांचा रंग सोलून आतले लोखंड पोखरतो. इथे दिवाळीची चाहूल फराळाच्या आधी तेलरंगाच्या वासाने लागते.

तरी आत्या लोखंडाचीच बाजू घेते. तिच्या मागीलदाराचा लाकडी अडसर वाळवीने खाल्ला, तेव्हापासून तिथे लोखंडी आहे. यंदा तो तिला दोन्ही हातांनीही उचलवेना. आणि घरात ती एकटी.

धाकट्या भावाने मग हलक्या धातूंचा विषय काढला. पाण्याची घनता १ धरली, तर लोखंडाची ७.९, अ‍ॅल्युमिनियमची २.७ आणि मॅग्नेशियमची अवघी १.७४. २०१५ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील निखिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत सिलिकॉन कार्बाइडच्या पोकळ गोळ्या मिसळून ०.९२ घनतेचा पदार्थ केला. पाण्यावर तरंगणारा धातू!

“तरंगेल रे, पण आमच्या वाऱ्यात टिकेल का?” आत्याने विचारले.

तिने नेमके दुखण्यावर बोट ठेवले. मॅग्नेशियम हवेत अंगावर पातळ पापुद्रा धरते. मिठातले क्लोराइड तो फोडते. लोखंड, निकेल वा तांब्याचा अंश मिसळलेला असला, की ओलाव्यात सूक्ष्म वीज वाहू लागते आणि मॅग्नेशियम झिजते. पोकळ गोळ्यांनी वजन घटते, पण सांधे वाढतात. म्हणून धातू शुद्ध हवा आणि वर लेपही हवा.

गंमत अशी, की समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. मिठागरात मीठ वेचून उरलेले पाणी कडू लागते, ते त्याच्याच क्षारांमुळे. समुद्र जणू आपले देणे परत मागतो!

पण हा दुबळेपणाही कामी येतो. जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळांना मॅग्नेशियमचा ठोकळा जोडतात. ठोकळा झिजतो, नळ शाबूत राहतो.

“म्हणजे घरातल्या थोरल्या माणसासारखे,” आत्या सहज म्हणाली आणि चकल्या तळायला उठली.

वडील गेल्यावर आम्हा दोघांना तिनेच वाढवले. तिच्या हातांतले बळ कुठे गेले, याचा हिशेब मला तेव्हा लागला. हलका धातू खाऱ्या वाऱ्याला पुरून उरेल तेव्हा उरो. तोवर अडसर उचलायला घरात आणखी दोन हात हवेत. म्हणून भाऊबीज झाली, की मी वडखळला राहायला येतो आहे.