तांबडा चिखल, काळा चिखल

बेळगाव हे दोन मातींच्या शिवेवर वसलेले शहर आहे, हा धडा आम्ही वर्गात कित्येक वर्षे शिकवला. परंतु त्याचा खरा अर्थ आम्हास उमगला तो मोटारसायकलच्या मडगार्डाखाली बोटे घालून चिखल उकरू लागल्यावर. शहरातून पूर्वेकडे, बैलहोंगल-सौंदत्तीच्या वाटेला लागावे, तो काळी जमीन पसरलेली दिसते. पश्चिमेकडे पिरनवाडी, किणये मागे टाकून जांबोटीच्या रानात शिरावे, तो तीच धरित्री तांबडी होऊन सामोरी येते. तासाभराच्या अंतराने मातीचा वर्ण तर पालटतोच, पण तिचा स्वभावही पालटतो. आणि हा स्वभावभेद जितका चाकाला समजतो तितका पायांनाही समजत नाही.

काळी माती पाणी पिऊन फुगते. पहिल्या दोन पावसांत तिच्यावरून दुचाकी नेण्याचे साहस ज्याने केले असेल त्यास ठाऊक असेल की शंभर पावले जाण्याच्या आत टायर आणि मडगार्ड यांमधली फट त्या मातीने गच्च भरते आणि चाक फिरेनासे होते. गाडी ढकलावी तर ती बसलेल्या रेड्यासारखी हलत नाही. काडीने माती कोरावी, पुन्हा पन्नास पावले जावे, पुन्हा कोरावे. याउलट तांबडी माती अंगाला इतकी चिकटत नाही, ती निसरडी. जांभ्या दगडाची झीज होऊन झालेली ही माती पाण्यात विरघळल्यासारखी वाहते आणि तिच्यातले बारीक खडे मात्र मागे राहतात. काळी माती चाक अडवते व लागलीच आपला अपराध कबूल करते. तांबडी काही बोलत नाही. ती साखळीच्या कड्याकड्यांत, ब्रेकच्या डब्यात, धुऱ्याच्या कडेला जाऊन बसते आणि वाळूच्या कागदासारखी रोज थोडे थोडे लोखंड खाते.

आमची नोकरी झाली ती तांबड्या मातीत. जांबोटीहून कणकुंबीकडे जाणारा हमरस्ता पुढे चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात, केरी-साखळीस जातो. त्या रस्त्यावरून पर्यटकांच्या मोटारी धावतात, घाटातल्या धुक्याची छायाचित्रे घेतली जातात. त्याच हमरस्त्यास मध्येच एक कच्ची वाट फुटते आणि तीन ओहोळ ओलांडून एका खेड्यास जाते. खेड्याचे नाव सांगत नाही. तशी डझनभर गावे खानापूर तालुक्यात आहेत. तेथल्या सरकारी मराठी शाळेत आम्ही अकरा पावसाळे काढले. जून लागला की सूर्याचे दर्शन थेट श्रावणातल्या एखाद्या दुपारी. भाताची रोपे लावणाऱ्या बायका इरली पाठीवर घेऊन वाकलेल्या, गुरे अंग चोरून उभी, आणि शाळेच्या कौलांवर अखंड तडतड. पावसाचा तो आवाज इतका सवयीचा होई की तो थांबला म्हणजे वर्गातली मुले दचकून वर पाहत.

या गावाकडे जाताना एक कौतुकाची गोष्ट आम्हास नेहमी वाटे. कणकुंबीच्या देवालयापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेस वळून सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थाच्या धरणात विसावते आणि सुमारे ३०० किलोमीटर वाहून कूडलसंगमास कृष्णेला मिळते; म्हणजे तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. त्याच तालुक्यातून निघालेली म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरते, गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्र गाठते. एकाच रानावर पडलेले दोन थेंब दोन समुद्रांकडे जातात. आमच्या गाडीचा चिखल मात्र कोणत्याही समुद्राकडे न जाता आमच्याच अंगणात वाळत पडे, हा त्यातला विनोद.

आमची पहिली गाडी जुनी येझदी. म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेले ते वाहन वजनाने दांडगे, आवाजाने भारदस्त. किक आणि गिअर यांची दांडी एकच, हे पाहून नवखा मनुष्य चकित होई. तिची साखळी पत्र्याच्या डब्यात पूर्ण बंद असे. त्यामुळे आम्ही तिच्याकडे पाहिले नाही तरी तिने आमच्यावर राग धरला नाही. पुढे ती थकली आणि आम्ही १०० सीसीची एक साधी गाडी घेतली. तिचे साखळीवरचे झाकण अर्धेच. पण येझदीने लावलेली बेफिकिरीची सवय आम्ही तशीच चालू ठेवली.

अगदीच धूत नव्हतो असे नाही. महिन्यातून एकदा शहरात गेलो म्हणजे एका धुलाईकेंद्रात गाडी लावीत असू. तेथला पोरगा जोरकस पाण्याची पिचकारी घेऊन चहूबाजूंनी मारा करी, साबणाचा फेस उडवी, आणि दहा मिनिटांत गाडी आरशासारखी लखलखे. आम्हीही खूश. टाकीत आपला चेहरा दिसला की गाडी स्वच्छ झाली, इतकीच आमची परीक्षा! तो पाण्याचा फवारा चाकाच्या मध्यभागी रोखला म्हणजे पाणी रबरी सीलच्या आत शिरते, बेअरिंगमधले ग्रीस बाहेर काढते आणि त्याच्या जागी स्वतः राहते, हे आम्हास कोणी सांगितले नव्हते व आम्ही विचारलेही नव्हते. साखळीवरचे उरलेसुरले तेलही त्याच माऱ्यात जाई. उघडे पडलेले लोखंड आणि जांबोटीची हवा. गंजाला याहून अधिक काय हवे?

सन २०१३ च्या जुलैतली गोष्ट. शाळेत मुलांना दुपारचे जेवण रांधून घालणाऱ्या मावशी दोन दिवस तापाने फणफणल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना उलट्या सुरू झाल्या व बोलणे तुटक होऊ लागले. गावात येणारी जीप सकाळीच निघून गेलेली, दूरध्वनी मुका. आम्ही त्यांना गाडीवर मागे बसवले, घोंगडे पांघरले, वरून प्लास्टिकचा कागद बांधला आणि खानापूरच्या इस्पितळाकडे निघालो. दोन ओहोळ सुखरूप ओलांडले. तिसऱ्याच्या उतारावर साखळीने एकदा खडखडाट केला, दातेरी चक्रावरून उसळी घेतली आणि चक्र व दांडा यांमध्ये जाऊन अडकली. मागचे चाक जागच्या जागी थिजले. पुढचे आम्हास नीट आठवत नाही; आठवते ते एवढेच की आम्ही चिखलात आडवे होतो आणि मावशी उजवा हात पोटाशी धरून काही न बोलता बसल्या होत्या.

तेथून हमरस्ता दोन किलोमीटर. त्या तापात, तो हात सावरीत, त्या आमच्या खांद्याचा आधार घेऊन चालल्या. गोव्याकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने पुढे खानापूरपर्यंत नेले. ताप चार दिवसांत उतरला. कोपराचे हाड मात्र मोडले होते. ते जुळले, पण हात पुरता सरळ झाला नाही. तेव्हापासून मावशी पळी डाव्या हाताने ढवळतात. इस्पितळात आम्ही मान खाली घालून उभे होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमची गाडी दमली असंल." आम्हास एखाद्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

गाडी गावातच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात आणून ठेवली होती. ती न्यावयास गेलो तेव्हा ते चिखलणी आटोपून बैल धूत होते. आधी खूर, मग खुरांमधली बेचकी, मग पोटाखालचा भाग. पाठीवर पाणी सर्वांत शेवटी. आमच्याकडे न पाहताच ते बोलले, "बैलाचं पाय धुतल्याबिगर आमी दावणीला बांधत न्हाई, मास्तर. तुमी गाडी तशीच बांधत हुतासा व्हय?" तीस वर्षे अध्यापन केलेल्या मनुष्यास इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नसेल.

खानापुरातला एक मिस्त्री, जो एके काळी आमचाच विद्यार्थी होता, त्याच्यापाशी बसून मग आम्ही ही विद्या शिकलो. गुरूने शिष्याच्या हाताखाली बसून ग्रीस माखण्यात काही कमीपणा नाही. त्याचा धाक मात्र आमच्यापेक्षा कडक होता. त्याने सांगितलेले बहुतेक सारे बैलाच्या धुण्यासारखेच निघाले. चिखल ओला आहे तोवर काढावा, वाळला की तो रंगासकट निघतो. परंतु घरी येताच तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. चहा होईपर्यंत थांबावे. सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा घालावा (आणि तो काढण्यास विसरू नये, आम्ही एकदा विसरलो व अर्धा तास किक मारीत बसलो). बादली आणि तांब्या पुरतात, पिचकारी नको. मडगार्डाच्या आतली बाजू हाताने चाचपून साफ करावी, कारण डोळ्यांना ती दिसतच नाही. बारीक जागांना जुना दातांचा ब्रश, चाकांना काथ्या.

साखळी हे खरे दुखणे. ती रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशाने कडी-कडी घासावी. पेट्रोल वापरू नये, कारण रबरी कड्या असलेल्या साखळीत ते रबर खराब करते आणि आगीचे भय निराळेच. नंतर कोरड्या फडक्याने पुसून, वाळवून, मगच तेल. ओल्या साखळीवर तेल ओतणे म्हणजे ओले लाकूड रंगवणे. साखळी मध्यभागी बोटाने उचलून पाहावी; आमच्या गाडीस इंचभर ढील पुरे. आमची त्या दिवशी किती सैल होती हे मिस्त्रीने आम्हास दाखवले नाही. त्याने ती नुसती उचलली व आमच्याकडे पाहिले.

ओहोळातून गाडी काढली असेल तर ब्रेकचा डबा उघडून आतला गाळ काढावा लागतो. धुतल्यावर तर लगेच भरधाव जाऊच नये. हळू चालवीत ब्रेक दोन-चारदा अलगद दाबावा म्हणजे आतले पाणी सुकते. पाणी खोल असेल तर इंजिनचे तेल पाहावे. ते दुधाळ दिसले की आत पाणी शिरले असे समजून गाडी सुरूच करू नये. स्पंजाचा एअर फिल्टर रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुवावा, तो पिळू नये, नुसता दाबावा, सावलीत वाळवून किंचित तेल द्यावे. कागदाचा असेल तर त्यास पाणी लावू नये. चाकाच्या तारांवर पान्ह्याने हलकेच टिचकी मारावी. ताणलेली तार स्वच्छ वाजते, सैल तार भद्द बोलते. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीचा हा जिल्हा. येथल्या मास्तरास सूर ओळखता यावा एवढी अपेक्षा गैर नव्हे.

अलीकडे पावसाळी रविवारी चोर्ल्याच्या रस्त्यावर तरुणांचे जथे दिसतात. सन २०१९ मध्ये बाजारात आलेली २०० सीसीची एक्सपल्स त्यांत पुष्कळ. तिचे पुढचे चाक २१ इंची, मडगार्ड उंच टांगलेले, म्हणजे काळ्या मातीनेही फट भरू नये अशी योजना; पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. पाहून संतोष वाटतो. आमच्या काळी अशी गाडी असती तर, असा विचार मनात येतो आणि आम्ही तो झटकून टाकतो. कारण चूक मडगार्डाची नव्हती.

त्या मुलांची एक गोष्ट मात्र खटकते. रानवाटांत यथेच्छ चिखल खेळून ती कणकुंबीच्या अलीकडे ओढ्यात गाड्या घालतात आणि तेथेच धुतात. तेलाची इंद्रधनुष्यी साय पाण्यावर पसरते. हेच पाणी खाली हुबळी-धारवाडचे लोक पितात. आम्ही थांबून सांगतो. काही ऐकतात, काही आमच्या गाडीकडे पाहून हसतात. आमचा शिरस्ता असा की चिखलाचे पाणी परसातल्या केळीला, आणि रॉकेलचा काळा गाळ जुन्या डब्यात. डबा भरला की मिस्त्रीकडे.

बदली होऊन आम्ही आता शहराजवळच्या शाळेत आहो. तरी खंडेनवमीला गाडी घेऊन त्या गावी जातो. वाट अर्धी डांबरी झाली आहे, पण तिसरा ओहोळ अद्याप तसाच. गेल्या वर्षी शाळेच्या ओट्यावर मावशी भेटल्या. त्यांना जांबोटीस लेकीकडे जावयाचे होते आणि जीप चुकली होती. दहा वर्षांत त्या आमच्या गाडीवर बसल्या नव्हत्या. आम्हीही कधी म्हटले नव्हते. त्या दिवशी म्हटले. त्या ओट्यावरून उतरल्या, गाडीच्या मागच्या बाजूस गेल्या, वाकून साखळीस बोट लावले व ते डोळ्यांपाशी नेऊन पाहिले. बोटावर स्वच्छ तेल होते.

"धुतलासा की," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून, डावा हात आमच्या खांद्यावर ठेवून, मागे बसल्या.