ब्रेकवर पाय रिकामा गेला तेव्हा

वाचकहो, माझे काम तुम्हाला बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी सांगण्याचे. विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव मी इतकी वर्षे तेच करीत आलो. आज मात्र शेती बाजूला ठेवून गाडीच्या ब्रेकविषयी लिहिणार आहे. कृषी पदवीधराने मिस्त्रीच्या कामात कशाला पडावे, असे तुम्ही म्हणाल. पण ही गोष्ट माझ्या घरच्या सात माणसांच्या जिवावर बेतली होती, म्हणून सांगतो.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या अंगाला. घरी एक लांब जीप आहे, चारही चाकांना जोर असलेली. थोरल्या भावाने ती २००४ साली सरकारी लिलावात घेतली. मग आम्ही तिच्यावर हौसेने खर्च केला. मागे लोखंडी सांगाडा आणि बाके केली, टपावर कॅरियर चढवला, चिखलासाठी मोठे टायर घातले. कांद्याच्या गोण्या भरा, ट्रेलर ओढा, ती कधी नाही म्हणाली नाही. वजन वाढत गेले, ब्रेक मात्र होते तेच राहिले. ते लागत होते, एवढेच आम्ही पाहिले.

२०१६ च्या श्रावणात कल्याणला बारशाला निघालो. गाडीत मी, आमची मंडळी, आई, वहिनी, पुतणी आणि माझी दोन मुले. टपावर सामान, मागे पाहुण्यांसाठी कांद्याच्या दोन गोण्या. माळशेज घाटात धुके दाटले होते. मी वरच्या गिअरमध्येच, ब्रेकवर पाय टेकवून उतरत होतो. वाटले, सावकाश तर चाललो आहोत. निम्मा घाट उतरल्यावर आई मागून म्हणाली, "अरे, काय करपलं?" मला वाटले, पुढच्या ट्रकचा वास असेल.

पुढच्या वळणावर ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला. दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, काही नाही. गिअर खाली पाडला, हातब्रेक ओढला. गाडीचा वेग थोडा मोडला, पण ती थांबेना. नशीब असे की दरड कोसळून बाजूला सारलेला मुरमाचा ढीग डोंगराच्या कडेला पडला होता. त्यात जीपचे नाक खुपसले. आईच्या कपाळाला टेंगूळ आले, बाकी कोणाला खरचटले नाही. मागून आलेल्या एस.टी.त सगळ्यांना बसवून दिले, तेव्हा धाकटी मुलगी माझ्या सदऱ्याचे टोक सोडेना. रडत नव्हती, नुसती धरून होती.

आता नवलाची गोष्ट ऐका. अर्ध्या तासाने मी पुन्हा ब्रेकवर पाय ठेवला, तर ब्रेक लागला! अनेकजण इथेच फसतात. "काही नाही, मघाशी अडकलं असेल," म्हणून पुढे निघतात. मी चौचाकी जोर आणि सर्वांत खालचा गिअर टाकून बैलगाडीच्या चालीने टोकावड्यापर्यंत उतरलो.

हे का झाले, ते मिस्त्रीने मला नंतर समजावले. ब्रेकचे काम म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणे. दोन टन वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा जवळजवळ ३० लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता निर्माण होते. गिअर खालचा असेल तर त्यातला बराच भार इंजिन घेते. नसेल तर तो न्हाणीचा बंब सगळा ब्रेकवर पेटतो.

आमच्या जीपला चारही चाकांना ड्रम होते. ड्रम म्हणजे बंद डबा. आतले लायनर बाहेरच्या बाजूला फाकून ड्रमला घासतात. डबा तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर सरतो. आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ओढा ओलांडताना आत शिरलेले पाणीही लवकर निघत नाही. आणि ब्रेक ऑइल! ते हवेतला ओलावा ओढते, उघड्या पोत्यातला युरिया ओढतो तसा. डॉट ३ जातीचे नवे कोरडे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही हद्द १४० अंशांवर येते. आमचे ऑइल किती वर्षे बदलले नव्हते, ते कोणाला आठवेना. घाटात ते उकळले आणि पाइपात वाफ झाली. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय रिकामा गेला. गाडी निवली तशी वाफ विरली आणि ब्रेक परत आला.

म्हणजे दोष गाडीचा नव्हता, माझा होता. फवारणी पंपाचा वॉशर वेळेवर बदला म्हणून मी तुम्हाला सांगत फिरतो, आणि घरच्यांना ज्या गाडीत बसवतो तिचे ऑइल मी पाहिले नव्हते.

दिवाळीच्या सुटीत अंगणातच काम काढले. पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवायच्या, मागचे ड्रम नवे लायनर घालून ठेवायचे. डिस्क उघड्यावर असते, वारा तिला निववतो, पाणी फेकले जाते. पण नुसती डिस्क बसवून भागत नाही. ड्रमचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर थोडा आपोआप ओढला जातो. डिस्कच्या पॅडला ती मदत नसते, त्याला पायाचा जोर जास्त लागतो. म्हणून बूस्टर हवा. बूस्टरला हवेची ओढ लागते. ती पेट्रोल इंजिनातून मिळते, साध्या डिझेल इंजिनातून मिळत नाही. त्यासाठी मागे पंप असलेला अल्टरनेटर घेतला. जुना मास्टर सिलेंडर एकाच वाटेचा होता. कुठेही एक पाइप फुटला तर चारही चाके गेली. नवा दोन वाटांचा घेतला, पुढची वाट निराळी, मागची निराळी. हा सिलेंडर पुढे डिस्क, मागे ड्रम अशा जोडीसाठी केलेलाच हवा. निव्वळ ड्रमचा लावला तर पाइपात थोडा दाब राहतो आणि पॅड डिस्कला घासत राहतात.

बदल करण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत जाऊन विचारून आलो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. विम्याच्या कंपनीलाही कळवले. सगळा खर्च एका चांगल्या दुभत्या गाईच्या किमतीच्या आत बसला.

पहिल्याच दिवशी मिस्त्रीने मला एक धडा दिला. मी हातब्रेक ओढून मागचे चाक जॅकवर उचलू लागलो. तो ओरडला, "भाऊसाहेब, थांबा! हिचा हातब्रेक चाकावर नाही, शाफ्टवर आहे." शाफ्टवर ब्रेक असलेल्या गाडीचे मागचे एक चाक उचलले की ते मोकळे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाक गाडीला चालू देते. हातब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. म्हणून आधी चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, मग उचलायचे, आणि लगेच खाली लोखंडी घोड्या द्यायच्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. जुन्या लायनरची धूळ तोंडाने फुंकून उडवू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा.

कॅलिपरचे ब्रॅकेट तयार आणले, घरी वेल्डिंग केले नाही. बोल्ट जास्त ताकदीचे, ठरल्या पिळाने आवळलेले. रबरी पाइप लावून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवले, एक्सल लोंबता ठेवून पाहिला. पाइप कुठे ताणतो का, टायरला घासतो का, हे तेव्हाच कळते.

मग ब्रेकची हवा काढायला बसलो. हे दोन माणसांचे काम. आमची मंडळी पेडलवर, मिस्त्री आणि मी चाकापाशी. "दाब," म्हटले की ती दाबून धरायची, मिस्त्री निप्पल सैल करायचा, बुडबुडे निघायचे, निप्पल आवळले की "सोड." मास्टर सिलेंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात केली. मध्येच डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पुन्हा हवा शिरते. दोन बाटल्या ऑइल संपले, तरी पेडल पाण्याच्या पिशवीसारखे मऊच. दिवस मावळला. मिस्त्री म्हणाला, नवा सिलेंडरच खराब दिसतो.

सौभाग्यवती खाली उतरल्या आणि कंदील धरून चाकाकडे पाहू लागल्या. म्हणाल्या, "अहो, ठिबकच्या पाइपाला एअर व्हॉल्व्ह उंचावर लावा, हवा वर जाते, असं तुम्हीच मळ्यात सांगता ना? मग हे निप्पल खाली तोंड करून का आहे?"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. निप्पल खाली गेले होते आणि हवा वरच्या बाजूला अडून बसली होती. सकाळी कॅलिपर बदलले, आणि अर्ध्या तासात पेडल वरच घट्ट झाले.

बूस्टर चालतो का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक. यावरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. इंजिन बंद पडले की दोन-तीन दाबांत बूस्टरची मदत संपते. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. वाचतात ते चार रुपये, आणि गमावण्याची तयारी कशाची असते, ते त्यांनी आपल्या घरात विचारावे.

नव्या पॅडनी गाडी लगेच घाटात नेली नाही. आधी नांगरट नसलेल्या सपाट रानात, मग मोकळ्या रस्त्यावर, मध्यम वेगातून पंचवीस-तीस वेळा हलके ब्रेक लावले. मध्ये मध्ये निवू दिले. जोरात दाबल्यावर मागची चाके आधी अडकत नाहीत ना, गाडी एका अंगाला ओढत नाही ना, हे पाहिले.

आता तुम्हाला काय सांगायचे? हे सारे तुम्ही घरी करा, असे मी म्हणत नाही. जाणता मिस्त्री बरोबर नसेल तर ब्रेकला हात लावू नका. पण काही गोष्टी प्रत्येक घराला जमतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला; डॉट जातीचेच, सीलबंद बाटलीतले. इंजिनचे किंवा ट्रॅक्टरचे तेल त्यात एक थेंबही नको. रबरे फुगून निकामी होतात. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. करपल्याचा वास आला तर थांबा, आणि ब्रेक परत आला म्हणून विसरू नका.

ज्यांच्याकडे जीप नाही, त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक शेतात वळण्यासाठी वेगळे असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल एकमेकांना अडकवा. ट्रॉली भरताना ट्रॅक्टर ओढेल का, एवढेच आपण पाहतो. उतारावर थांबेल का, हेही विचारा. ओढण्याच्या ताकदीसाठी आपण कर्ज काढतो. थांबण्याच्या ताकदीसाठी खिशात हात घालायला मागेपुढे पाहतो.

पुढच्या वर्षी त्याच घाटातून पुन्हा कल्याणला गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. धाकटी माझ्या मागेच बसली होती. त्या वळणापाशी तिने माझा सदरा धरला. वळण संपल्यावर सोडला आणि खिडकीतून धबधबे मोजू लागली.

आमच्याकडे दसऱ्याला जीपला झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू वाहतात. आता एक दसरा सोडून दुसऱ्या दसऱ्याला हार घालण्याआधी ऑइल बदलायचे, असा आईने नेमच घालून दिला आहे. पेडलवर आमची मंडळी बसतात, निप्पलपाशी मी.