‘एकच प्याला’ शिकवताना

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले आणि त्यानंतर महिना उलटण्याच्या आतच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्यास केला. बालगंधर्वांची सिंधू, गणपतराव बोडसांचा सुधाकर, विठ्ठल सीताराम गुर्जरांची पदे. हा तपशील मी मलकापुरात वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. त्यांपैकी निदान आठ वर्षे तो सांगणारा माणूस स्वतः दारुडा होता. सकाळच्या तासाला खडू हातात स्थिर राहत नसे म्हणून मी फळ्यावर लिहिणेच सोडले होते, आणि विद्यार्थी म्हणत, सर काही न बघता, काही न लिहिता शिकवतात.

हे लिहावे की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. दारूच्या कबुलीजबाबात एक छुपी फुशारकी असते. किती खोल गेलो होतो हे सांगण्यात माणसाला गंमत वाटू लागते. म्हणून त्या आठ वर्षांविषयी फारसे सांगत नाही. एकच गोष्ट नोंदवतो. १ एप्रिल २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची दारूविक्री बंद होणार, ही बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता. आमचे गाव महामार्गावरचे. आता आपली आपोआप सुटेल, असा हिशेब मी केला. सुटली नाही. थोडे अधिक चालावे लागले, इतकेच.

लिहायचे आहे ते सुटण्याविषयी नाही, सुटल्यानंतरच्या घसरण्याविषयी. आणि त्याला निमित्त झाला वर्गातला एक प्रश्न.

नाटकात सुधाकर एकदा निर्धाराने दारू सोडतो, हे आपण परीक्षेच्या उत्तरांत फारसे लक्षात घेत नाही. तो सोडतो, कामधंद्यासाठी जुन्या ओळखीच्या मंडळींकडे जातो, तेथे त्याचा उपमर्द होतो, आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. हा भाग शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, त्यानं तं सोडली होती ना? मंग परत काऊन घेतली?” मी ठरलेले उत्तर दिले. शोकात्म नायक, स्वभावातील मूलभूत उणीव, मानी वृत्ती, इच्छाशक्तीचा अभाव. मुलाने ते मान खाली घालून वहीत उतरवून घेतले. त्याच्या घरी काय चालले आहे हे गावात सर्वांना ठाऊक होते. वडिलांनी परत का घेतली याचे उत्तर तो वहीत लिहून घरी नेत होता, आणि ते उत्तर खोटे आहे हे त्या वर्गात फक्त मला कळत होते.

मी पहिल्यांदा सोडली २०१८च्या फेब्रुवारीत. विदर्भातल्याच एका केंद्रात महिनाभर राहून आलो. अकोल्याच्या डॉक्टरांनी डायसल्फिरमची गोळी दिली होती. दारूचे शरीरात प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग त्याचे पुढे विघटन होते. ही गोळी ती पुढची पायरी अडवते. गोळी चालू असताना प्यायलो तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, क्वचित जिवावर बेतते. (म्हणूनच ती कोणाला नकळत भाजीत घालून देण्याची गोष्ट नव्हे. असे सल्ले आपल्याकडे सर्रास दिले जातात.) पत्नी रोज सकाळी चहाबरोबर गोळी हातावर ठेवी. चौदा महिने असे गेले.

२०१९च्या एप्रिलमध्ये उत्तरपत्रिका तपासण्यासाठी अमरावतीला मुक्काम होता. दिवसभर गठ्ठे उपसून संध्याकाळी खोलीवर आलो. जेवण व्हायचे होते. एक जुने स्नेही म्हणाले, “सर, आता तुम्ही बरे आहात. एकच घ्या.” नाटकाचे नाव त्यांच्या ध्यानातही नव्हते. मी घेतला.

पुष्कळ दिवस मी त्या स्नेह्यांना दोष देत होतो; माझा तळीराम म्हणून ते सोयीचे होते. परंतु खरी गोष्ट अशी की, अमरावतीला जाण्याच्या तीन आठवडे आधीच मी गोळी बंद केली होती. डॉक्टरांनी आता नको म्हटले, असे पत्नीला सांगितले होते. डॉक्टर तसे काही म्हणाले नव्हते. गोळीचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो हे मला माहीत होते. तेव्हा “मी प्यायचे ठरवले नव्हते” हे माझे वाक्य कितपत खरे आहे ते पाहा. पेला ओठाला लागण्याच्या कितीतरी आधी घसरण सुरू झालेली असते. सुधाकराच्या बाबतीतही प्रश्न शेवटच्या घोटाचा नसून त्याआधीच्या त्या अपमानित पायपिटीचा आहे, आणि गडकऱ्यांना हे नेमके कळले होते. आपली समीक्षा मात्र इच्छाशक्तीपाशी थांबली.

दुसऱ्या सकाळी मनात एकच विचार होता: चौदा महिने वाया गेले, आता काय राहिले? आणि त्या विचाराने चार महिने प्यायलो. पुढे वाचनात आले की ॲलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५च्या त्यांच्या ग्रंथात हा फरक केला आहे. एकदा पाय घसरणे वेगळे आणि पूर्ण कोसळणे वेगळे. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करते ती बहुधा ‘आता सगळे संपले’ ही भावना. मला त्या पेल्याने जितके पाडले नाही तितके त्या सकाळच्या शरमेने पाडले. मराठी मध्यमवर्गाची दारूविषयीची नीतिकल्पना या बाबतीत ‘एकच प्याला’नेच घडवली आहे. एकदा गेला तो गेला. सुधाकराची स्वतःचीही तीच खात्री आहे आणि तो तीच खरी करून दाखवतो.

आज मला नाटकात आणखी एक गोष्ट दिसते. पिणाऱ्यांचे तेथे मंडळ आहे, आर्य मदिरा मंडळ. न पिणाऱ्यांकडे फक्त उपदेश आहे. रामलाल सज्जन खरा; परंतु तो कधी प्यायलेला नाही. सुधाकर अपमानित होऊन रस्त्यावर उभा असताना, दारू सोडलेला एकही माणूस त्याच्या ओळखीचा नाही. पहिल्या प्रयोगानंतर सोळा वर्षांनी, १९३५च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्यात हार खाऊन एका हॉटेलच्या दिवाणखान्यात असाच उभा होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन करीत दुसऱ्या एका दारुड्याचा शोध घेतला, डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद त्याला भेटले, आणि त्या दोघांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभे राहिले. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, त्याला पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचे आर्थिक पाठबळ होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तेथे व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे इतरांसाठी काम करू लागली, हे कमी ठाऊक असते.

मी रविवारी शेजारच्या शहरात शाळेच्या एका खोलीत जातो. तेथे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मला चारच गोष्टी विचारल्या होत्या: त्या दिवशी जेवला होता का, थकला होता का, एकटे होता का, कोणावर रागावला होता का. व्याख्यान दिले नाही. त्या एप्रिलच्या संध्याकाळी यांतल्या तीन गोष्टी खऱ्या होत्या.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून कालचे उत्तर खोडायला सांगितले आणि वरील बहुतेक हकिकत सांगितली. तो काही बोलला नाही. जाताना त्याने रविवारची वेळ विचारली.

तपासणीचा आदेश आता आला की मी मुक्काम करीत नाही, अप-डाऊन करतो. सहकाऱ्यांना तो विक्षिप्तपणा वाटतो. बडनेऱ्याहून संध्याकाळची गाडी धरतो, अकोला आले की भूक असो-नसो डबा उघडतो, नांदुरा गेले की घरी फोन करतो. मुलगी लहान होती तेव्हा मी आल्याबरोबर गळ्यात पडायची. ती वास घेत असे, हे मला फार उशिरा कळले. आता ती मोठी झाली आहे. दार उघडून ती अजूनही क्षणभर जवळ उभी राहते. मी तोंड वळवत नाही.