रेवदंड्याची मुलगी जपानच्या शाळेत

अलिबागहून रेवदंड्याला जाणारी एस.टी. नागाव, चौल अशी गावे घेत नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाते. रेवदंड्यात पोर्तुगीजांचा पडका कोट आहे. पुढे कुंडलिकेची खाडी आणि खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. हा किनारा फार जुन्या काळापासून परदेशी माणसांच्या ओळखीचा आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल 'शनवार तेली' म्हणून याच किनाऱ्यावर राहिले आणि मराठी झाले. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलली जाते.

ही झाली बाहेरून आलेल्यांची गोष्ट. आता येथून बाहेर गेलेल्या मुलीची. माझी भाची तीन वर्षांपासून जपानमध्ये शिझुओका प्रांतातील समुद्रकाठच्या एका गावी इंग्रजीची सहाय्यक शिक्षिका आहे. जपानच्या शाळांना ऑगस्टमध्ये सुट्टी असते. त्या सुट्टीत ती घरी आली, म्हणून मी दोन दिवस रजा टाकून बहिणीकडे गेलो. बाहेर पाऊस, घरात सुकटीचा वास. भाची म्हणाली, "मामा, तिकडेही अशीच सुकट असते. सुरुगाच्या उपसागरात बारीक गुलाबी कोळंबी मिळते, साकुरा-एबी म्हणतात. आपल्या जवळ्यासारखी उन्हात पसरून वाळवतात."

परदेशी तरुणांना इंग्रजीसाठी शाळांत बोलावण्याची जपान सरकारची मोठी योजना १९८७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले होते. आता त्याशिवाय खासगी कंपन्याही अशी माणसे शाळांना पुरवतात. भाची अशाच एका कंपनीमार्फत गेली. २०२० पासून तेथे तिसरी-चौथीच्या मुलांना वर्षाला ३५ तास आणि पाचवी-सहावीला ७० तास इंग्रजी असते. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची. सहाय्यकाने शब्द उच्चारून दाखवायचे, मुलांकडून बोलून घ्यायचे, खेळ घ्यायचे. काही तासांना तर वाक्य म्हणून दाखवण्यापलीकडे काम नसते.

तिचा दिवस असा. सकाळी शाळेच्या दारात बाहेरची पादत्राणे काढून आतले बूट घालायचे. शिक्षकांच्या खोलीत सर्वांची टेबले एकमेकांना जोडून समोरासमोर मांडलेली असतात. तेथे सर्वांना मोठ्याने नमस्कार करून कामाला लागायचे. दुपारचे जेवण मुलांबरोबर वर्गातच. मुलेच पांढरी टोपी आणि अंगरखा घालून भात, सूप, भाजी वाढतात. सोबत दूध. सर्वांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही.

पहिल्या आठवड्यात तिने वह्या तपासल्या आणि बरोबर उत्तरांवर आपल्याकडच्यासारखी टिकची खूण केली. मुलांचे चेहरे पडले. तेथे बरोबर उत्तराला लाल गोल काढतात आणि टिक बहुधा चुकीची खूण असते. "सगळा वर्ग नापास केलास की काय!" असे तिच्यासोबतच्या बाई हसून म्हणाल्या. मुले तिला "रोज करी खातेस का?" असे विचारतात. काही पालकांना मात्र इंग्रजी म्हणजे गोऱ्या माणसाचीच भाषा वाटते. ते तोंडावर बोलत नाहीत, पण कळते, असे ती म्हणाली.

जेवणानंतर सफाईची वेळ. शिपाई बोलावत नाहीत. मुले झाडू आणि ओले फडके घेऊन वर्ग, जिना, व्हरांडा पुसतात. तिच्या शाळेत संडासही मुलेच धुतात. शिक्षकही सोबत असतात. हे ऐकताना माझी बहीण गप्प झाली. आपल्या देशात झाडू कोणाच्या हाती दिला गेला आणि का, हे आपल्या घरांना सांगावे लागत नाही. जेथे प्रत्येक मूल संडास धुते, तेथे ते काम करणाऱ्याला हलके लेखणे अवघड जाते.

म्हणून जपानात भेदभाव नव्हता असे मात्र कोणी समजू नये. चामड्याची आणि जनावरे कापण्याची कामे करणाऱ्या लोकांना तेथे पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले गेले. त्यांना बुराकू म्हणतात. १८७१ मध्ये कायद्याने भेद रद्द झाला, पण लग्नाच्या आणि नोकरीच्या वेळी तो उरलाच. ३ मार्च १९२२ रोजी क्योटो येथे या लोकांनी सुइहेइशा ही आपली संघटना उभी केली. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी.

भाचीने आपल्या पिशवीतून एक शालेय पुस्तक काढून दाखवले. पाठीमागे छापले आहे की हे पुस्तक करांच्या पैशातून मोफत दिले आहे. त्याची हकिगत तिला शाळेतल्या एका वयस्क शिक्षकांनी सांगितली. १९६१ साली कोची प्रांतात नागाहामा येथे बुराकू वस्तीतील आयांनी, सक्तीचे शिक्षण मोफत असे राज्यघटना म्हणते तर पुस्तके विकत का घ्यायची, असे विचारून पुस्तके घेण्यास नकार दिला. आंदोलन पेटले. १९६३ मध्ये कायदा झाला आणि पुढे देशातील सर्व मुलांना पुस्तके मोफत मिळू लागली. मोलमजुरी करणाऱ्या बायांनी मागितले आणि श्रीमंतांच्या मुलांनाही मिळाले!

आता व्यवहाराचे बोलतो, कारण अनेक पालक विचारतात. हा कंत्राटी रोजगार आहे. करार दरवर्षी नवा. सुट्टीच्या महिन्यात काही कंपन्या पगार कापतात, तिचाही कापला गेला. बढती जवळजवळ नाहीच. शिवाय शाळेत परदेशी भाषा शिकवण्याच्या या व्हिसासाठी पदवी तर लागतेच, पण त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. दाजी थळच्या खत कारखान्यात होते म्हणून भाचीला इंग्रजी माध्यम परवडले. तिचा चुलतभाऊ इंग्रजी घेऊन एम.ए. झाला आहे आणि तिच्यापेक्षा चांगले व्याकरण जाणतो; पण तो जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेला, त्याला हे दार बंद. दलालाला पैसे देण्याआधी ही अट नीट पाहावी.

बहिणीचे म्हणणे, आता बास, घरी ये. भाची म्हणते, अजून एक करार, मग येथे येऊन बी.एड. करीन आणि आपल्याच मुलांना शिकवीन. दाजी काही बोलले नाहीत, पण त्यांनी बी.एड.च्या फीची चौकशी आधीच करून ठेवली आहे.

आपल्याकडेही जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. जून महिन्यात मूल नवे पुस्तक घेऊन घरी आले की त्याला कव्हर घालता घालता आईवडिलांनी दोन शब्द सांगावेत. हे पुस्तक कोणाची मेहेरबानी नाही. ते आपल्या हक्काचे आहे, आणि असे हक्क मागितल्याशिवाय कोठेही मिळालेले नाहीत.