निरोपाचे बंदर

निरोप देण्यासाठी माणूस जिथे जिथे जातो, त्या साऱ्या जागा अखेर एकसारख्याच असतात. एस. टी.चा थांबा असो, वसई रोडचा फलाट असो वा सहारचा विमानतळ असो. जाणाऱ्याच्या हाती सामान असते आणि राहणाऱ्याचे हात रिकामे असतात. ते रिकामे हात घेऊन घरी कसे परतावे, हे आम्हांला कुणी शिकवले नव्हते. ते आम्ही उतारवयात शिकलो, आणि तेही पृथ्वीच्या कोणत्याही नकाशावर नसलेल्या एका बंदरावर.

चार वर्षांपूर्वी आमचा धाकटा मुलगा कॅनडाला गेला. विमान पहाटेचे होते. रडारड नको म्हणून त्याच्या आईला आम्ही घरीच थांबवले. भाऊ आणि मेव्हणे गाडीत बसायला निघाले होते, त्यांनाही नको म्हटले. विमानतळाच्या दाराशी त्याने पाया पडून आशीर्वाद घेतला, काचेपलीकडून एकदा वळून पाहिले आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. परतताना खाडीच्या पुलावर ड्रायव्हरने रेडिओ लावला, तो आम्ही बंद करायला लावला. घरी आलो तेव्हा दिवा जळत होता, टेबलावर दोन ताटे झाकून ठेवली होती. आम्ही भूक नाही म्हटले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झालो. दोन्ही ताटे सकाळपर्यंत तशीच राहिली. दुसऱ्या ताटाचा विचार त्या रात्री आम्हांला सुचलाच नाही.

मुलाच्या खोलीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागे राहिले होते. जे. आर. आर. टोल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी, १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेली. एल्फ, बुटके आणि जादूगार यांच्या गोष्टी वाचण्याचे आमचे वय नव्हे, हे खरे. परंतु ज्या पानांवर मुलाची बोटे फिरली, ती चाळावी एवढ्याच इच्छेने ते उघडले आणि पावसाळाभर वाचीत राहिलो. त्यातील शेवटच्या प्रकरणाचे नाव ‘द ग्रे हेवन्स’, म्हणजे करडी बंदरे.

मिथलॉण्ड ही त्या कल्पित जगाच्या पश्चिम किनाऱ्यावरील, लून नदीच्या मुखाशी वसलेली एल्फांची बंदरनगरी. किरदान नावाचा अतिवृद्ध जहाजबांधणारा तिचा अधिपती. हजारो वर्षे तो एकच काम करीत आला आहे : या जगाचा निरोप घेऊ पाहणाऱ्यांसाठी जहाजे बांधणे आणि शेवटच्या जहाजापर्यंत आपण मागे थांबणे. दुसऱ्या तीरावरून जादूगार गॅण्डाल्फ प्रथम आला, तेव्हा किरदानने त्याच्यापुढील कष्ट ओळखले आणि आपल्या बोटातील अग्नीची अंगठी काढून त्याला दिली. आलेल्याला बळ द्यावे आणि जाणाऱ्याला वाट द्यावी, असा हा बंदराचा धनी.

या बंदराची जादू मोठी विलक्षण आहे. फार पूर्वी न्यूमेनोर नावाच्या बेटावर पराक्रमी माणसे राहत होती. मरणाला चुकवण्याच्या लोभाने त्यांच्या राजाने अमरभूमीवर आरमार नेले. ते बेट समुद्राच्या तळाशी गेले आणि तोवर सपाट असलेली पृथ्वी गोल झाली. तेव्हापासून माणसाने पश्चिमेला कितीही प्रवास केला, तरी तो फिरून निघाल्या जागीच येतो. केवळ मिथलॉण्डसारख्या बंदरांतून सुटणाऱ्या एल्फांच्या जहाजांना जुनी ‘सरळ वाट’ सापडते. पृथ्वीचा वाक सोडून ती नजरेपलीकडच्या किनाऱ्याला लागतात. गेलेले जहाज परत येत नाही.

येथे तिकीट विकत मिळत नाही. फ्रोडो हा साधा हॉबिट, जगाच्या कल्याणासाठी दुष्ट अंगठी अग्निपर्वतापर्यंत वाहून नेणारा. ती अंगठी नष्ट झाली तो दिवस लेखकाने २५ मार्च हा ठरवला आहे. शुभवार्तेचा हा सण आपल्या वाचकांच्या सहज ध्यानात येईल. काम फत्ते झाले, पण फ्रोडो बरा झाला नाही. खांद्यावरचा सुऱ्याचा जुना घाव दरवर्षी ६ ऑक्टोबरला उफाळून येतो. त्या जहाजावर मर्त्यांना जागा नसते. आर्वेन ही एल्फराजकन्या मानवाशी विवाह करून मरण पत्करते आणि आपली जागा फ्रोडोला देऊ करते. तेव्हा तो जातो, तो कुणीतरी सोडलेल्या जागेवर. तिकडे गेल्यावर मरण टळते असेही नाही. मर्त्याला तेथे केवळ घाव भरून येण्यापुरता मुक्काम मिळतो, असे टोल्कीन यांनी एका पत्रात स्पष्ट केले आहे.

हे बंदर लेखकाला कुठे सापडले असेल? त्यांच्या चरित्रातील एका प्रसंगाशी आमचे मन पुन्हा पुन्हा थांबते. १८९२ साली दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे त्यांचा जन्म झाला. १८९५ साली आई दोन्ही मुलांना घेऊन जहाजाने इंग्लंडला निघाली. वडील बँकेच्या नोकरीमुळे मागे राहिले. ते नंतर येणार होते. ट्रंकेच्या झाकणावर वडील ‘ए. आर. टोल्कीन’ ही अक्षरे रंगवीत आहेत, एवढेच चित्र त्या तीन वर्षांच्या बालकाच्या स्मरणात उरले. १८९६च्या फेब्रुवारीत वडील तिकडेच वारले. १९०० साली आईने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, १९०४ साली तीही गेली आणि बर्मिंगहॅम ऑरेटरीच्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी या पोरक्या भावांचा सांभाळ केला. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, शाळेपासूनचे दोन जिवलग मित्र गेले. ज्याने इतके निरोप इतक्या लवकर दिले, त्याने असे बंदर उभारावे यात नवल ते काय?

परंतु आम्हांला त्या प्रकरणातील सर्वांत मोठी जादू जहाजात दिसली नाही. ती किनाऱ्यावर दिसली. फ्रोडोला पोहोचवायला त्याचा एकनिष्ठ सोबती सॅम एकटाच आला आहे, असे त्याला वाटत असते. तोच मेरी आणि पिपिन हे दोघे मित्र घोडे फेकीत येऊन पोहोचतात. त्यांना गॅण्डाल्फनेच निरोप धाडलेला असतो. एकट्याने परतण्यापेक्षा तिघांनी मिळून परतणे बरे, हे त्या शहाण्या म्हाताऱ्याने आधीच जाणलेले असते. स्वतः जहाजात पाऊल ठेवणारा गॅण्डाल्फ मागे राहणाऱ्यांच्या वाटेची सोय करून जातो! जहाज दिसेनासे होते. सॅम रात्र होईतो लाटांचा आवाज ऐकत उभा राहतो. मग तिघे परततात. शायरची सीमा येईपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही, पण बाजूला घोडा चालतो आहे एवढाच आधार पुरतो. शेवटी सॅम घरी येतो. चूल पेटलेली आहे, जेवण तयार आहे, पत्नी त्याची वाट पाहते आहे. ती त्याला बसवते आणि लहानगी मुलगी त्याच्या मांडीवर ठेवते. तो दीर्घ श्वास घेऊन आपण परत आल्याचे सांगतो. कादंबरी तिथेच संपते.

ते पान वाचले आणि आम्हांला झाकलेली दोन ताटे आठवली. सोबत यायला निघालेल्यांना आम्हीच परत पाठवले होते. दिवा लावून बसलेल्या माउलीला, मी आलो, एवढे दोन शब्दही आम्ही बोललो नव्हतो. पुत्र तिचाही गेला होता. आम्ही दुःख एकट्याचे करून घेतले आणि तिला तिच्या वाट्याचे एकटेपण दिले. त्या संध्याकाळी आम्ही तिला हे सर्व सांगितले. तिने पुस्तकाकडे पाहिले, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, “तेव्हाच जेवला असतात तर मीही जेवले असते.”

मागच्या वर्षी शेजारच्या मास्तरांची कन्या परिचारिका म्हणून परदेशी निघाली. मास्तर विधुर. रात्री दहाला ते एकटेच गाडीत बसताना दिसले. आम्ही चपला घातल्या आणि न विचारता त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. परतीच्या वाटेवर आम्ही दोघेही काही बोललो नाही. खाडीच्या पुलावर त्यांनी आमचा हात धरला, तो गाव येईतो सोडला नाही.

घरी दिवा जळत होता. तीन ताटे मांडलेली होती. मास्तर नको नको म्हणत होते. ते बसले, आणि मग आम्हीही बसलो.