दिव्यासमोरून जाणारं पाणी

खाऱ्या पाण्याच्या टाकीला यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) लावला की मासे आजारी पडत नाहीत, असं दुकानात छातीठोकपणे सांगतात. मला हे उपकरण मनापासून आवडतं, म्हणूनच हा दावा खटकतो.

बंद नळकांड्यात पाऱ्याच्या वाफेचा दिवा आणि त्याभोवती क्वार्ट्झची नळी. साधी काच दिव्याचे अतिनील किरण अडवते. नळीला घासून पाणी वाहतं आणि २५४ नॅनोमीटरचे किरण त्यातल्या जंतूंच्या डीएनएवर घाव घालतात. जंतू दिसायला शाबूत असतो, पण त्याला वंश वाढवता येत नाही. मार्सेय शहराने १९१० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी हीच युक्ती वापरली होती. हिरवट, गढूळ झालेलं पाणी यूव्ही काही दिवसांत नितळ करतो, ते बघताना मला अजूनही आनंद होतो. खडकांना चिकटलेले उपयुक्त जिवाणू दिव्यापर्यंत जातच नाहीत, त्यामुळे त्यांची काळजी नको.

पण नेमकी तीच मर्यादाही आहे. माशांवर पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी काही दिवस माशाच्या त्वचेत राहतो, मग गळून वाळूत किंवा खडकावर कोष करतो. त्या कोषात तो कित्येक आठवडे दडून राहू शकतो. त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात, तीही बहुतेक अंधारात, मासे कपारीत निपचित झोपलेले असताना. भक्ष्य दोन बोटांवर, पंप टाकीच्या दुसऱ्या टोकाला! जी पंपात ओढली जातात तेवढीच मरतात. रोगाचा जोर कमी होतो, रोग जात नाही.

तीही मरायला हवीत तर पाणी सावकाश सोडावं लागतं. शेवाळाला थोडे किरण पुरतात, या परजीवीला कितीतरी जास्त. क्वार्ट्झवर चुन्याचा थर बसला की किरण आतच अडतात; मी नळी व्हिनेगरने पुसते. आणि दिव्याच्या निळ्या उजेडावर विश्वास ठेवू नये. दिवा जुना झाला तरी उजेड तसाच दिसतो, जंतुनाशक किरण मात्र मंदावलेले असतात. दिवा वर्षाने बदलावाच. उघडण्याआधी वीज बंद. त्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू नये.

यूव्ही जरूर घ्या. पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी एक छोटी वेगळी टाकी घ्या आणि नवा मासा काही आठवडे तिथेच ठेवा.